आधी पान बघा, मग लाकूड जाळा: पायरोग्राफी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पायरोग्राफी म्हणजे तापलेल्या टोकाने लाकडावर चित्र काढणं. ग्रीक भाषेत 'पायर' म्हणजे आग आणि 'ग्राफो' म्हणजे लिहिणं, त्यामुळे नावातच सगळं आलं. १९व्या शतकात इंग्रजीत याला पोकरवर्क म्हणायचे कारण शेकोटीतले निखारे हलवायची लोखंडी सळई, तिला पोकर म्हणतात, तीच तापवून लोक लाकडावर नक्षी काढायचे. आता विजेवर चालणारं पेन मिळतं त्यामुळे सळई परत परत तापवत बसायला लागत नाही, पण मूळ गोष्ट तीच राहिलीये.

आणि ती मूळ गोष्ट मला सगळ्यात आधी सांगायचीये. या कलेत रंग नसतो, शाई नसते. फिकट बदामी ते पार काळा, जो काही शेड येतो तो दोनच गोष्टींवर ठरतो, टोक किती तापलंय आणि ते एका जागी किती वेळ टेकलंय. तापमान तुम्ही एकदा सेट केलं की उरतो फक्त वेळ. म्हणजे तुमचा हात जिथे रेंगाळला तिथे गडद, जिथे घाईत गेला तिथे फिकट, जिथे तुमचं लक्ष उडालं आणि हात थांबला तिथे डाग. लाकूड हे सगळं नोंदवून ठेवतं आणि खोडता येत नाही. म्हणूनच निसर्गातल्या वस्तू काढायच्या असतील तर जाळायच्या आधी बघायला शिकावं लागतं असं माझं ठाम मत आहे, आणि या लेखातला बराच भाग बघण्यावरच आहे. पेन कसं धरायचं ते दोन दिवसांत येतं हो, बघायला वेळ लागतो.

पेन

दोन प्रकार असतात. एक सोल्डरिंग आयर्नसारखं दिसणारं, ज्याला पुढे पितळी टिपा स्क्रूसारख्या बसवतात, साधारण २० ते ३० वॅटचं. हे तापायला पाच-दहा मिनिटं घेतं आणि थंड व्हायलाही तितकाच किंवा जास्त वेळ घेतं. दुसरं तारेच्या निबचं, यात नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची बारीक तार असते आणि वेगळ्या बॉक्सवर तापमान कमी-जास्त करायचं बटण असतं. हे काही सेकंदांत तापतं, पेन हलकं असतं आणि बोटं टोकाच्या जवळ ठेवता येतात त्यामुळे बारीक काम छान होतं, पण महाग असतं. सुरुवातीला पहिल्या प्रकारचं चालेल, फक्त त्याला तापमानाचं बटण असलेलं बघून घ्या. बटण नसलेलं पेन कायम फुल्ल तापतं, मग फिकट शेड काढायला हात खूप पळवावा लागतो आणि नवीन माणसाला ते जमत नाही.

चाळीस टिपांच्या सेटच्या मोहात पडू नका. तीन पुरतात. पात्यासारखी धार असलेली, सरळ आणि बारीक रेषांसाठी. गोल टोकाची, वळणं आणि ठिपक्यांसाठी. आणि चपटी किंवा चमच्यासारखी, शेडिंगसाठी. पितळी टिपा पेन पूर्ण थंड झाल्यावरच बदलायच्या, गरम असताना पक्कडीने पिळल्या तर त्यांचे आटे खराब होतात आणि मग टिप नीट बसतच नाही.

लाकूड

फिकट रंगाचं, ग्रेन म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या रेषा फारशा उठून न दिसणारं आणि मध्यम मऊ लाकूड घ्या. बासवुड सगळ्यात सोपं, पॉप्लर पण चांगलं. बर्च आणि मेपल जरा कडक असतात पण रेषा फार स्वच्छ येते. पाइन स्वस्त म्हणून बरेच जण तेच घेतात, पण पाइनमध्ये प्रत्येक वर्षाच्या वाढीचा एक मऊ पट्टा आणि एक कडक पट्टा असतो. मऊ पट्ट्यात टोक खोल बुडतं, कडक पट्ट्यावर उडी मारतं, मग सरळ रेषेचं दातेरी काहीतरी होतं, वर गाठींमधला चीक गरम होऊन टिपेला चिकटतो. पाइनवर हात बसवायला गेलात तर चूक तुमची आहे की लाकडाची हेच कळणार नाही.

लाकडाच्या गोल चकत्या, कडेला साल असलेल्या, निसर्गचित्रांसाठी मस्त दिसतात. पण त्या वाळलेल्या हव्यात. ओल्या लाकडात टोकाची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि चकती नंतर तडकते ती वेगळीच. घरी कापलेलं लाकूड हवेवर वाळवायचं असेल तर साधारण एक इंच जाडीला एक वर्ष असा जुना हिशेब आहे.

आता काय जाळायचं नाही ते, आणि इथे प्लीज तडजोड करू नका. रंग किंवा पॉलिश दिलेलं लाकूड नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी, नाही, त्यात फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असलेला गोंद असतो. वाळवी लागू नये म्हणून केमिकल मुरवलेलं लाकूड अजिबात नाही, जुन्या अशा लाकडात आर्सेनिक असतं. प्लायवुडचा वरचा थर फिकट आणि स्वच्छ असेल तर हलकं काम करता येतं पण खोल गेलात की खालचा गोंद जळायला लागतो. आणि बाहेरून उचललेली फांदी कुठल्या झाडाची आहे ते माहीत नसेल तर ती सोडून द्या, कण्हेरीचा तर धूरसुद्धा विषारी असतो.

जागा आणि धूर

लाकडाचा धूर नैसर्गिक असला तरी फुप्फुसांसाठी तो धूरच. खिडकी उघडी हवी, आणि एक छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून लांब ओढून नेईल. पंख्याचं वारं टिपेवर यायला नको नाहीतर टिप थंड होत राहते आणि रेषा कधी गडद कधी फिकट येते. नवीन लोकांना वाटतं पेन खराब आहे, बऱ्याचदा पंखाच चुकीच्या जागी असतो. चेहरा कामाच्या अगदी वर वाकवू नका, लाकूड थोडं तिरकं टेकवून ठेवलं की मान पण वाचते आणि धूर पण नाकात जात नाही. काचपेपर मारताना मास्क लावाच. लाकडाची धूळ हे कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलंय.

टोक ४०० अंशांच्याही वर जाऊ शकतं. पेनला स्टँड हवाच, केस बांधलेले हवेत, सैल बाह्या नकोत, आणि पेन चालू असताना उठून जायचं नाही, दोन मिनिटांसाठी सुद्धा. भाजलंच तर साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ नको.

आता पान बघूया

पेन अजून लावू नका. एक गळून पडलेलं पान घ्या, मी जास्वंदीचं घ्या म्हणेन कारण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि त्यामुळेच कोणी नीट पाहिलेलं नसतं.

आधी पान न बघता कागदावर आठवणीतून जास्वंदीचं पान काढा. दोन मिनिटं बास. मग खरं पान शेजारी ठेवा. माझ्या पहिल्या कागदावर दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या होत्या, शिरा मधल्या शिरेवर समोरासमोर जोडीने निघालेल्या, आणि कडेला देठापासून टोकापर्यंत एकसारखे दात. खऱ्या पानात दात देठाजवळ नसतातच, तिथे कड गुळगुळीत असते, ते वर गेल्यावर सुरू होतात आणि लहान-मोठे असतात. शिरा बऱ्याच ठिकाणी पुढे-मागे निघतात. एक बाजू जरा जास्त फुगीर होती. मी पान काढलंच नव्हतं, पानाची खूण काढली होती, लहानपणी शिकलेली. डोक्यात 'पान' हा शब्द आला की हात ती खूण काढून मोकळा होतो. आपल्याला हेच थांबवायचंय.

हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग आपल्या डोळ्याला एका वेळी खरा स्पष्ट दिसतो, दोनेक अंशांचा. बाकीचं सगळं धूसर असतं, डोळा सतत इकडे तिकडे उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून पूर्ण चित्र असल्याचा भास देतो. म्हणजे एका नजरेत पान दिसलं असं वाटतं तेव्हा त्यातला बराचसा भाग मेंदूने आपल्या मनाने भरलेला असतो. म्हणून पान नखाएवढ्या तुकड्यांनी बघायचं. देठ जिथे पानाला मिळतो तिथून सुरू करा, एका तुकड्यावर चार-पाच श्वास थांबा, मग पुढे सरका. पूर्ण पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये मन भरकटेल, फोन आठवेल, कंटाळा येईल, तर काही बिघडत नाही, जिथे सोडलं होतं त्या तुकड्यावर परत या.

काय बघायचं ते पण सांगते. मधली शीर देठाजवळ जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत होत संपते, एकाच जाडीची कधीच नसते. बाजूच्या शिरा कडेपर्यंत पोचतात की आधीच वळून एकमेकींना मिळतात? त्यांच्यामधली बारीक जाळी दिसते का? गवताच्या पात्यात जाळी नसते, शिरा समांतर धावतात, आणि गिंको नावाच्या झाडाच्या पानात तर प्रत्येक शीर दोनात फुटत फुटत पंख्यासारखी पसरते, मधली शीरच नसते. आता डोळे मिटून पानाच्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवा. वरच्या बाजूला शिरा बहुतेक वेळा खोलगट लागतात, मागच्या बाजूला उठून येतात. हे बोटाला कळलं की शेडिंग करताना शिरेची कुठली बाजू गडद करायची ते पाठ करावं लागत नाही.

मग एक कागद टेबलाला चिकटवा, पेन्सिल टेकवा, नजर फक्त पानाच्या कडेवर ठेवा आणि मुंगी चालावी त्या वेगाने डोळ्याबरोबर हात सरकवा, कागदाकडे अजिबात बघायचं नाही. चित्र वेडंवाकडं येणार, येऊ दे. इथे चित्रासाठी नाही, डोळा आणि हात एका वेगाने चालावेत म्हणून करायचंय, कारण नंतर जाळताना अगदी हाच वेग लागतो. मला विचाराल तर पूर्ण लेखातला हा एक व्यायाम केलात आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

शेवटचं, एका बाजूने उजेड पडेल असं पान ठेवा आणि डोळे किलकिले करा. बारकावे जातात आणि फक्त उजळ, मधला, गडद असे तीन भाग दिसतात. पटकन तीन शेडमध्ये एक छोटं स्केच करून ठेवा आणि त्याच उजेडात फोटो काढून ठेवा, कारण पान काही तासांत सुकून वळायला लागतं. पण फोटो नंतर, बघणं आधी.

लाकूड तयार करणं

१२० नंबरचा काचपेपर, मग २२०, ग्रेनच्या दिशेनेच. मग ओल्या फडक्याने लाकूड हलकं पुसा, पूर्ण वाळू द्या, बारीक तंतू उभे राहिलेले हाताला लागतील, ते परत ३२० ने घासून काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग रेषा फुटते म्हणतात. धूळ झटकून टाका.

चित्र उतरवायला ग्रॅफाइट पेपर, म्हणजे एका बाजूला पेन्सिलीच्या शिशाचा थर असलेला कागद, वापरा, टायपिंगचा कार्बन पेपर नको, त्याची निळी-काळी शाई लाकडातून जात नाही. हात हलका ठेवा, दाबून गिरवलं तर लाकडात खोबण पडते आणि ती पॉलिशनंतर पण दिसते. फक्त बाह्यरेषा आणि मुख्य शिरा उतरवा, जाळी उतरवू नका, ती पान बघत बघतच करायची.

पहिली रेषा

त्याच लाकडाचा एक तुकडा ट्रायलसाठी ठेवा, दुसऱ्या लाकडाचा चालत नाही. तापमान कमी ठेवून सुरू करा आणि थोडं थोडं वाढवत जा, जोपर्यंत निवांत हाताने ओढलेली रेषा मधाच्या रंगाची येत नाही. मधाचा रंग लक्षात ठेवा, पहिल्या फेरीला त्याहून गडद जायचंच नाही. लाकडातला हेमिसेल्युलोज नावाचा घटक साधारण २२० अंशांपासून मोडायला लागतो आणि सेल्युलोज ३०० च्या वर, त्यामुळे फार तापलेलं टोक वरचा थर एकदम कोळसा करून टाकतं आणि बाजूला तपकिरी वलय येतं. कमी तापमानावर दोन-तीन वेळा फिरवलेली रेषा नेहमी जास्त स्वच्छ येते.

पेन पेन्सिलसारखं धरा, करंगळी लाकडावर टेकलेली. दाबायचं नाही. जाळायचं काम उष्णता करते, जोर लावला की लाकूड खणलं जातं आणि निब वाकते. रेषा स्वतःकडे ओढा, ढकलू नका, आणि वळण आलं की हात वाकवण्यापेक्षा लाकूडच फिरवा.

प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला आणि शेवटी काळा ठिपका येतोय? सगळ्यांना येतो. कारण टेकवताना हात क्षणभर थांबतो, आणि उचलताना परत. विमान धावपट्टीवर उतरतं तसं करायचं, हात हवेत असतानाच पुढे सरकत असला पाहिजे, टोक चालता चालता टेकतं आणि चालता चालताच उचललं जातं. शिवाय पेन हवेत बराच वेळ असेल तर टोक जास्त तापतं, म्हणून टेकवण्याआधी एकदा ट्रायलच्या तुकड्यावर पुसल्यासारखं टेकवून घ्या.

श्वासाचं पण बघा. बारीक काम करताना आपण नकळत श्वास रोखून धरतो, खांदे वर जातात आणि रेषा थरथरते. श्वास सोडता सोडता रेषा ओढा. एका श्वासात जेवढी जाईल तेवढीच, मग पेन उचला, पान बघा, पुढची रेषा. हे लयीत आलं की तुम्हाला स्वतःला जाणवेल की डोळे आता पानावर जास्त आणि लाकडावर कमी आहेत.

ग्रेनला आडवं जाताना टोक अडखळतं, तिथे वेग कमी करावासा वाटतो, पण कमी केला की डाग. तापमान जरा उतरवून त्याच वेगाने दोन वेळा जा. कडेने साल असलेल्या चकतीत तर ग्रेन गोल गोल असतो, त्यामुळे ती पहिल्या दिवशी नको, चार-पाच सपाट तुकडे झाल्यावर घ्या.

शेडिंग

बाह्यरेषा सगळीकडे सारखी गडद काढून मग आत रंग भरल्यासारखं करू नका, पान कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मी आधी शिरांच्या बाजूने सुरू करते. शीर स्वतः कोरी ठेवायची, जाळायचीच नाही, तिच्या दोन्ही कडेने चपट्या टिपेने शेड द्यायचा आणि दोन शिरांच्या मधल्या फुगवट्याकडे जाता जाता हात हलका करत उचलायचा. उजेडाच्या उलट बाजूला एक फेरी जास्त. म्हणजे शीर आपण काढलेली नसते, आजूबाजूचं काढल्यामुळे ती उरलेली असते. पहिल्यांदा अशी एक शीर उरलेली दिसते ना तेव्हा खरंच फार आनंद होतो.

टीप छोट्या गोलांत फिरवा किंवा एका दिशेने झाडल्यासारखी, पण टोकाचा चपटा भागच टेकू दे, कड टेकली की ओरखडा येतो. तीन-चार फिकट थर द्या. मध्ये मध्ये तुकडा हात लांब करून धरा आणि डोळे किलकिले करून त्या तीन शेडच्या स्केचशी ताडून बघा. बहुतेकांचं काम सगळं मधल्या शेडमध्येच अडकतं, गडद करायला भीती वाटते. देठाजवळचा एखादा कोपरा, पानाच्या वळलेल्या कडेखालची सावली, अशा दोन-तीन जागा खरंच काळ्या करा, बाकीचं आपोआप उजळतं.

साल, शेवाळ, दगडफूल अशा खरखरीत गोष्टींना ठिपके चांगले, गोल टिपेने, जवळ जवळ म्हणजे गडद, लांब म्हणजे फिकट. पिसांना मात्र पात्याची टिप. उडायच्या पिसात मधल्या काडीची एक बाजू अरुंद असते आणि एक रुंद, हे न बघता काढलेलं पीस लगेच ओळखू येतं. पिसं गोळा करताना तुमच्याकडचे नियम तेवढे बघा, बऱ्याच देशांत जंगली पक्ष्यांची पिसं जवळ ठेवण्यावर बंधनं आहेत.

टिपेवर काळा कार्बन साठला की उष्णता नीट पोचत नाही, रेषा फिकट आणि ठिगळ लावल्यासारखी येते आणि आपण उगाच तापमान वाढवतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पितळी ब्रशने हलकं साफ करा. अर्ध्या तासाने पेन बंद करून उठा, हात झटका, लांब कुठेतरी बघा. थकलेल्या हाताने अजून एकच शीर म्हणून केलेली गोष्ट हमखास बिघडते, माझी एक अख्खी फर्नची फांदी तशी गेलीये.

बिघडलं तर? फिकट डाग धारदार ब्लेडने अगदी हलका खरवडून आणि वर ३२० चा कागद फिरवून निघतो. खोल काळा निघत नाही. अशा वेळी परत पानाकडे बघा. खऱ्या पानावर किड्याने खाल्लेली भोकं असतात, बुरशीचे ठिपके असतात, सुकलेली टोकं असतात. तुमच्या डागाच्या आसपास तसं काही बसतंय का बघा, पण खऱ्या पानावर ते कसं दिसतं ते बघूनच करा, अंदाजाने नको.

शेवटचं काम

ग्रॅफाइटच्या उरलेल्या रेषा पांढऱ्या खोडरबरने पुसा, मऊ ब्रशने झटका. फिनिशला मी पाण्यात मिसळणारं, पारदर्शक, उन्हापासून संरक्षण देणारं वार्निश पसंत करते, पातळ दोन हात. जवसाच्या तेलाने लाकूड पिवळसर आणि गडद होतं आणि तुमचे सगळ्यात फिकट शेड त्यात बुडतात. तेल वापरलंच तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, ती बाहेर सपाट पसरून वाळवा. फिनिश दिल्यावर परत जाळायचं नाही, वार्निशचा धूर वाईट असतो. आणि तयार काम थेट उन्हात टांगू नका. उन्हाने फिकट शेड उडतात आणि कोरं लाकूड काळवंडतं, दोन्ही बाजूंनी फरक कमी होतो.

मागच्या बाजूला तारीख, कुठलं लाकूड, तापमानाचं बटण कितीवर होतं आणि पान किती वेळ बघितलं तेवढं जाळून लिहून ठेवा. आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाचं दुसरं पान घ्या, वेगळं झाड नको. ते पहिल्यासारखं नसतं.